चौदा तारखेचा आकडा

"चौदा तारखेला तुम्ही तळ्यावर नव्हताच," सर्व्हेवाली म्हणाली. "मग हा आकडा आला कुठून?"

मांडीवरच्या पोरीला थोपटणारा सुनेचा हात थांबला. आठ महिन्यांपूर्वी चौदा तारखेलाच तर ही पोर झाली होती. घरच्या माणसांच्या फॉर्मवर तशी जन्मतारीखच होती. दवाखान्यात तीन दिवस गेले, आणि तळ्याच्या वहीत त्या तिन्ही दिवसांचे आकडे ठसठशीत: चौतीस, एकतीस, छत्तीस सेंटिमीटर.

काम तसं सोपं होतं. रोज सकाळी पांढरी तबकडी दोरीने तळ्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की किती खोल गेली ते मोजून लिहायचं. पाणी किती दाट झालंय ते त्यावरून कळतं, आणि माशांना खाद्य किती घालायचं तेही. चाळीस घरांत असा अभ्यास चालू होता. बाकीच्यांच्या वह्यांत भोकंच भोकं. हिच्या वहीत अकरा महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता, आणि तिथेच सर्व्हेच्या साहेबांना वास आला. त्यांनी तीन आकड्यांभोवती लाल गोल काढले होते. "बाळंतपणातसुद्धा खंड नाही? पुरावा आण, नाहीतर अख्खी वही बाद." वही बाद म्हणजे अभ्यासासाठी मिळालेलं, पाण्यात हवा सोडणारं यंत्रही परत. उन्हाळा तोंडावर आलेला. यंत्राशिवाय या तळ्यातले मासे तग धरणार नव्हते.

सर्व्हेवालीला साहेबांचं मनातून पटलं होतं. तिचं स्वतःचं बाळ दहा महिन्यांचं. ते झालं त्या दिवशी तिला धड पाण्याचा पेला धरवत नव्हता. ही बाई तबकडी बुडवणार?

"सासूबाईंनी मोजलं," सून हळूच म्हणाली.

"त्यांना आकडे येतात?"

"नाही हो. त्यांनी तेवढं तेवढं सूत तोडून ठेवलं होतं. घरी आल्यावर मी टेपने मोजलं आणि लिहिलं."

"मग ते सूत दाखवा."

"आता कुठलं, ताई? टाकलं असेल तेव्हाच."

कोपऱ्यात सासू माशांचे खवले काढत बसली होती. सकाळपासून तिची टकळी चालू होती. "लिहा, लिहा. कागद खाऊनच मासे पोसतात ना आमचे!" आता मात्र तिने हातातला मासा अर्धाच खाली ठेवला. सर्व्हेवालीने पेनाचं टोपण काढलं. 'बाद'च्या चौकटीत एक खूण करायची, बस्स. पण तिच्याच्याने होईना.

"थांब गं बाई," सासू म्हणाली. "यंत्र नेतेस की काय आमचं?"

हात धुऊन ती आत गेली. आली ती जुन्या जाळ्यांची टोपली घेऊन. तळाशी एक जाड दोर होता, आणि त्याला झालरीसारखे सुताचे तुकडे बांधलेले.

"तारीखबिरीख मला कळत नाही. नात झाली तो दिवस हवा ना? हा घे." त्या तुकड्याला लाल दोरा बांधला होता.

सर्व्हेवालीने टेप लावली. चौतीस. पुढचा तुकडा एकतीस. त्याच्या पुढचा छत्तीस.

सुनेचा जीव भांड्यात पडला. सर्व्हेवालीची बोटं मात्र थांबेनात. लाल दोऱ्याच्या आधीही तुकडे होते, नंतरही होते, आणि दोर काही संपत नव्हता. तिने मधलाच एक तुकडा धरला, दिवस मोजत वहीतली त्याची ओळ शोधली. सूत एकोणतीस, वहीत एकोणतीस. आणखी एक घेतला. वहीत तेहेतीस, सूत बत्तीस, नखभर फरक. अकरा महिन्यांत एक सकाळ चुकली नव्हती.

"आई, हे रोज?" सून बघतच राहिली. "कधी करायचात?"

"तू मोजून आत वळलीस की."

"पण मावशी," सर्व्हेवालीचा आवाज आता पार खाली आला होता, "वहीत तर रोज लिहिलं जात होतं. मग हा खटाटोप कशाला?"

सासू जागेवर जाऊन बसली. अर्धा राहिलेला मासा तिने पुन्हा हातात घेतला.

"ही काय लिहिते ते मला कुठं वाचता येतं? म्हटलं, आपलीही एक वही असावी."