ॲडजस्ट

“संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच,” जावयाचा काका म्हणाला. “पोरीला एवढंच सांगा, थोडं ॲडजस्ट कर.”

काटेवाल्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. तीस वर्षं तो याच दुकानात बसून दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करत होता. आताही समोर एक काटा उघडा पडला होता, पारड्यात किलोचं प्रमाण वजन. दाराशी जावई घड्याळ बघत उभा. त्याच्या पायाशी मुलीची बॅग. ती सकाळी काटेवाल्यानंच भरली होती, कारण मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तो कुणी मोडला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मुलगी आतल्या दारात उभी होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

“काका, हा शब्द कुठून आला माहितेय?” ती म्हणाली. “मूळ लॅटिन. शेजारी आणून ठेवणं. पुढे लोकांना वाटलं, यात ‘जस्ट’ आहे, म्हणजे न्याय. मग अर्थ झाला, बरोबर करणं. मार खाणं कुठल्याच कोशात नाही.”

“बघा, शिकलेल्या पोरींची जीभ.” काका हसला. “अहो, मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना तिला, ॲडजस्ट कर म्हणून?”

म्हणाला होता. त्याआधीच्या खेपेलाही म्हणाला होता. काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती.

“जावईबापू, काटा चुकीचं दाखवायला लागला तर मी काय ॲडजस्ट करतो?”

“काटा,” जावई पुटपुटला.

“वजन घासत नाही ना?”

जावयानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

“मी घासलं. दोनदा. लोक काय म्हणतील म्हणून पोटच्या पोरीवर कानस चालवली.” काटेवाला म्हणाला. “शरम वाटते मला.”

तो उठला, दाराशी गेला, बॅग उचलली. चला, आलं म्हातारं वळणावर, असं वाटून काकानं चपला पायात सरकवल्या. जावयानं बॅग घ्यायला हात पुढे केला.

काटेवाला बॅग घेऊन वळला आणि मुलीला पुढे घालून आत गेला. जावयाचा हात, उजवाच, तसाच पुढे राहिला.