रावसाहेबांसारखाच हुबेहूब

दुकानदाराने मोबाईलमधला फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"मानेवर तीन ठिपके, शेपटीचं टोक काळपट," तो म्हणाला. "मिळेल. परवा या."

आधीच्याचं काय झालं, तसाच कशाला हवा, एका शब्दाने विचारलं नाही. काटेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

काटेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. तीस वर्षं तो गोदामाच्या फाटकापाशी ट्रकच्या वजनकाट्यावर बसत आला होता. ट्रक वळणावर दिसला की हा आकडा सांगायचा आणि तो क्वचितच चुकायचा. आपल्या नजरेतून काही सुटत नाही याचा त्याला भारी अभिमान. लग्न मात्र त्याने उशिरा केलं, आणि बायकोबरोबर तिची तेरा वर्षांची मुलगी घरात आली.

मुलगी उद्धट असती तर बरं झालं असतं. उद्धटपणाला निदान उत्तर देता येतं. ही नुसतं "हो काका", "नको काका" म्हणायची आणि आपल्या खोलीत जायची. सहा महिने असे गेल्यावर त्याने हात टेकले आणि तिच्या वाढदिवसाला दाढीवाला सरडा आणला. वीतभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी, चेहऱ्यावर कायमची नापसंती. लोक घरात मांजर आणतात, असं बायको म्हणाली. पण मुलगी त्या घरात पहिल्यांदा खळखळून हसली. दिव्याखालच्या दगडावर तो छाती काढून बसायचा म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं रावसाहेब.

तेव्हापासून दोघांना बोलायला विषय मिळाला. रातकिडे संपलेत का, पाला खाल्ला का, दगड पुरेसा तापतोय का. एकदा रावसाहेब कात टाकत होते, तर मुलीने काचेच्या पेटीवर आठवडाभर चादर घालून ठेवली. त्यांना त्रास होतो म्हणे. काटेवाल्याने दाराबाहेरूनच रोज विचारपूस केली होती. बोलणं सरड्यावरून सुरू व्हायचं आणि हळूहळू शाळेवर, मैत्रिणींवर, कधी तिच्या गेलेल्या वडलांवर यायचं. असं करत चार वर्षं गेली.

मग मुलगी यंत्रदुरुस्ती शिकायला दहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना तिने एक वही लिहून ठेवली. शेवटच्या पानावर लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: बल्ब सहा महिन्यांनी बदलायचाच, जळत असला तरी.

काटेवाल्याने वहीतलं सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. एवढं एकच केलं नाही. बल्ब लख्ख जळत होता, आणि जळता बल्ब काढून फेकायचा हे काही त्याच्या बुद्धीला पटेना. तरुण पोरांना नव्याची हौस, असं म्हणून त्याने कानाडोळा केला.

सातव्या महिन्यात रावसाहेबांचे पाय थरथरू लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जबडा हलकेच दाबून पाहिला आणि समजावून सांगितलं की उजेड दिसला तरी बल्बमधले कामाचे किरण कधीच संपले होते, आणि त्या किरणांवाचून हाडं पोकळ होत जातात. औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता. एका रविवारी सकाळी रावसाहेब दगडावरून उठलेच नाहीत. काटेवाला पेटीजवळ बसून पोटभर रडला. त्यात सरड्याचं दुःख किती आणि पोरीची भीती किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नवा सरडा आला, नवा बल्ब आला, आणि बल्बच्या टोपीवर तारखेची चिठ्ठी चिकटली. बायकोपासून काही लपलं नाही.

"सांगून टाका तिला," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "खाणार आहे का ती तुम्हाला?"

"या घरात मी मिळवलंय काय, तर तिचं चार शब्द बोलणं," तो म्हणाला. "तेही एका सरड्याच्या जोरावर."

बायको गालातल्या गालात हसल्यासारखी वाटली. त्याला तिचा रागच आला.

तीन महिन्यांनी मुलगी परतली. पाठीवरची पिशवी दारातच टाकून ती थेट पेटीपाशी गेली. सरड्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मग मान वाकवून बल्बवरची तारीख वाचली.

"बल्ब उशिरा बदललात," ती म्हणाली.

विसरलो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तीस वर्षांत त्याने एकाही ट्रकचं खोटं वजन लिहिलं नव्हतं. तो खाली बघत सगळं सांगत गेला: थरथरणारे पाय, डॉक्टरीणबाई, रविवारची सकाळ, दुकानात दाखवलेला फोटो.

"माझ्या हट्टापायी तुझे रावसाहेब गेले," तो म्हणाला. "हा दुसराच कुणीतरी आहे. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही."

मुलीने सरडा अलगद उचलला, काटेवाल्याच्या हातावर ठेवला आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"पहिल्या वर्षी तुम्ही मला हाक मारायलाही बिचकायचात," ती म्हणाली. "पण कामावर जाताना त्याच्याशी पाच-पाच मिनिटं बोलायचात. इतका जीव लावला होतात, की मला सांगायचं धाडसच झालं नाही."

"काय सांगायचं?"

"काका, हा तिसरा आहे."