कोणाचं न्वारान

शुक्रवारी सकाळी बांनी बाजारातून पिवळं फडकं आणलं आणि कोनाड्यात ठेवलं.

"पुढच्या पौर्णिमेला खगेश्वर बाजे येतील. न्वारान करायचंय."

मेनुका आंबवून वाळवलेल्या पाल्याचा गुंद्रुक भिजत घालत होती. "कोणाचं?"

"आहे एकाचं."

न्वारान म्हणजे अकराव्या दिवसाचं बारसं. पुरोहित बाजे बाळाच्या कानात नाव सांगतात, मग ते माणसांत जमा होतं. पण नेपाळातल्या तानसेन गावच्या त्या घरात दोघंच होती: ऐंशीचे बा आणि बावीस वर्षांपूर्वी सासर सोडून आलेली मेनुका.

शेजारच्या पवित्राला राहवेना. "दिदी, म्हातारपणी तुला भाऊबिऊ आणतायत की काय बा?"

मेनुका हसली नाही. दर शनिवारी बा ओढ्यापलीकडे जायचे. कुठे, ते सांगत नसत. परतताना गुडघ्यांना माती असायची.

जेवताना तिने विचारलंच. "ओढ्यापलीकडे कोण राहतं?"

"भात वाढ."

"आईच्या माघारी दुसरी केलीत ना?"

बांनी ताट बाजूला सारलं. "न्वारानाला तू बस, पोरी. एवढंच कर."

"तिच्या पोराला मी मांडीवर घेऊ? लाज नाही वाटत?"

बांनी हात धुतला. सकाळी ते उठलेच नाहीत.

तेरा दिवस मेनुका दुखवट्याला येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखत होती. अनोळखी कुणीच आली नाही.

पौर्णिमेला खगेश्वर बाजे दारात उभे राहिले. बरोबर कुणी नव्हतं.

"बाळ कुठंय?" मेनुका म्हणाली. "आणि त्याची आई? बोलवा तिला. तोंड तरी बघू दे."

बाजे पाटावर टेकले. "असलं न्वारान पोथीत नाही, असं तुझ्या बांना तीनदा सांगितलं. म्हणाले, पोथी मिटून या."

"मी आईचं विचारतेय, बाजे."

"तीच विचारतेय मला." त्यांनी मान वर केली नाही. "तू सासरहून आलीस त्याच साली, नवव्या दिवशी गेलं तुझं बाळ. अकरावा उजाडलाच नाही, म्हणून ओढ्यापलीकडे बिननावाचं पुरलं. बा म्हणायचे, नाव तिनं ठरवलेलं असणार, कधी बोलली नाही इतकंच. सांग, पोरी. काय म्हणू त्याला?"

मेनुकाने कोनाड्यातलं पिवळं फडकं मांडीवर घेतलं.

"सुवास," ती म्हणाली.