नाव खोडायची वही

"सांगून कुणाला पटायचं न्हाई," न्हावरे गावातल्या चहाच्या टपरीवर सावळाराम सोंगाड्यानं सुरुवात केली. वगात उसाच्या भावावरून मारलेल्या टोमण्याचा व्हिडिओ फिरला आणि जत्रा कमिट्यांनी त्याला कम्युनिस्ट ठरवून त्याचं नाव बंदी घातलेल्या कलावंतांच्या वहीत टाकलं. तीन वर्षं झाली, तोंडाला रंग लागला नव्हता.

"कमिटीचा अध्यक्ष म्हणला, फडातले बाकीचे लाल लिवून द्या, तुमचं नाव खोडतो. म्या वही वढली आन् पयलं नाव त्याचंच लिवलं."

सगळी टपरी हसली. पूर्वी त्याच्याच फडात गवळण गाणारी आणि आता इथं चहा उकळणारी धुरपदा तेवढी हसली नाही.

"मामा, ती वही म्या बघितलीया. त्यात तुमच्या अक्षरात माजं नाव हाय. आन् तुमचं अजून खोडलेलं न्हाई."