एकोणतीस टक्के

सुमनचा दहावा काल झाला, तरी काचेच्या पेटीत तिचं यकृत अजून जिवंत होतं. नळ्यांतून रक्त येत-जात होतं. यंत्र त्यातली चरबी रोज थोडी वितळवत होतं. ती तीस टक्क्यांच्या खाली आली की यकृत दुसऱ्या कुणाला तरी बसवणार होते.

पहिल्या दिवशी पडद्यावर अठ्ठावन्न होते. सुमनचा नवरा दिगंबर आचारी रोज चार वाजता पेटीपाशी येऊन बसे. लग्नघरचा स्वयंपाक आटोपून घरी आला की तो सुमनसाठी शिरा करायचा, वर तुपाची धार सोडायचा. इतक्या वर्षांचं त्याच्या हातचं ते तूप आता आकड्यागणिक उतरत होतं. परवा त्याने नर्सला हळूच विचारलंही होतं, "नळीत चमचाभर तूप सोडलं तर चालेल का गं?"

आज नर्सच म्हणाली, "काका, एकोणतीस झाले. आता नेतील."

"अजून दोन दिवस..."

"पलीकडे माणूस वाट बघतोय, काका."

दिगंबर उठला. खिशातली तुपाची डबी त्याने मुठीत घट्ट धरली. कोमट काचेवर हात ठेवून तो म्हणाला, "त्यांना एवढं सांग, हिला फणस सोसत नाही."