परकं कोकरू

मेंढीनं तिसऱ्यांदा ढुशी मारली आणि कोकरू भिंतीवर आपटलं, तशी नवी सून पुढे धावली. मेंढीचं स्वतःचं पिल्लू सकाळी मेलेलंच जन्मलं होतं. शेजारच्या कळपातल्या या पोरक्या कोकराला ती दूध प्यायला सडाजवळ फिरकूसुद्धा देत नव्हती.

"बाबा, भुकेनं मरेल हो ते!"

"अगं, ती डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखते," सासरे म्हणाले. त्यांनी मेलेल्या पिल्लाचं कातडं काढलं, पायांसाठी भोकं पाडली आणि सदरा घालावा तसं ते कोकराच्या अंगात चढवलं. "तीन दिवस राहू दे. तोवर तिला याचीच सवय होईल, मग कातडं काढलं तरी चालतं. आता हलू नकोस. श्वासही हळू घे."

मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग ती गुमान उभी राहिली आणि दूध पिताना कोकराचं शेपूट थरथरायला लागलं.

सून घरात आली. चार वर्षांची पोर ताटाकडे पाठ करून बसली होती. लग्नाला महिना झाला, तरी नव्या आईच्या हातचा एक घास तिनं घेतला नव्हता.

सुनेनं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पोरीच्या वारलेल्या आईचा स्वेटर होता, न धुतलेला.

"तीनच दिवस," तिनं स्वतःला बजावलं. स्वेटर अंगात चढवला आणि हातात घास घेऊन ती पोरीजवळ बसली, न हलता, श्वासही हळू घेत.