टिटवीला निजवायचं होतं

“टिटवी उठली गं, हेमांगी,” असं जयसिंग हेडफोनमधून हळूच म्हणाला, त्याला चोवीस वर्षं झाली. पहाटेच्या जात्याच्या घरघरीसारखा तो खर्जातला आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही.

शनीभोवती फिरणाऱ्या टिटवी यानाचा नियम साधा होता. ज्याला तिचं काम असेल त्याने यादीत नाव लिहून तिला धरायचं, काम झालं की सोडायचं. एकाने जरी धरलेलं असलं तरी ती निजायची नाही. धरताना कुणाचंही नाव लिहिलेलं चालायचं. सोडताना मात्र त्या माणसाचाच आवाज लागायचा.

आता तिचा हीटर अडकून वीज खात सुटला होता. तिला एकदा पुरतं निजवून, म्हणजे बंद करून, पुन्हा उठवलं नाही, तर चार दिवसांत ती कायमची थंड पडणार होती. पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्रातल्या सगळ्यांनी सोडलं, हेमांगीनेही. यादीत एकच नाव उरलं, कधीच नोकरी सोडून गडहिंग्लजला गेलेल्या जयसिंगचं.

साहेबांनी फोन तिच्याच हातात दिला. तिने जयसिंगला यादीत त्याचं नाव अडकल्याचं सांगितलं.

“माझं नाव?” जयसिंग हसला. “अगं, निघालो त्याच दिवशी सोडलं होतं मी. तू शेजारीच होतीस की. परत कुणी धरलं?”

आजूबाजूची माणसं ऐकत होती. तिने डोळे मिटले.

“मी धरलं. तू गेलास त्याच संध्याकाळी. माझ्या नावाखाली रोज तुझं नाव दिसायचं, तेवढ्यावर काढली मी इतकी वर्षं. आता सोड तू.”